तिसरा लाइट घेण्याआधी खोलीत अंधार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातली दहा बाय बाराची खोली, दोन एलईडी लाइट, एक सॉफ्टबॉक्स (लाइटपुढे बसणारा, उजेड मऊ करणारा कापडी डबा), पन्नास मिमीची लेन्स. आजोबांचं एक पोर्ट्रेट करायचंय. त्याच खोलीत कॉलेजच्या शॉर्ट फिल्ममधला रात्रीचा प्रसंगही करायचाय, ज्यात वीज गेली आहे आणि आई कंदील लावून मुलाची वाट बघत बसली आहे. व्हिडिओत दाखवतात तसा लाइट एका बाजूला लावून पाहिलात, पण कधी चेहरा सपाट येतो, तर कधी निम्मा चेहरा काळा ठिक्कर. आता तिसरा लाइट घ्यावा का, आणि घेतला तर कोणता?

आत्ता घेऊ नका. तुमच्याकडे लाइट कमी नाहीत, उलट एक जास्तच आहे, आणि तो म्हणजे तुमची खोली. पांढऱ्या भिंती, पांढरं छत, खाली चकचकीत टाइल्स. सॉफ्टबॉक्स आजोबांच्या डावीकडे लावला की उजेड गालावरून पुढे जाऊन उजव्या भिंतीवर आदळतो आणि तिथून परत येऊन सावलीतला गाल उजळतो. छतावरून थोडा येतो, फरशीवरून थोडा हनुवटीखाली शिरतो. व्हिडिओतला माणूस मोठ्या, काळ्या रंगवलेल्या स्टुडिओत उभा असतो. त्याचा एक लाइट एकाच बाजूचा राहतो, तुमचा एक लाइट चारही बाजूंनी परततो. म्हणून त्याच मापात ठेवूनही तुमचा चेहरा सपाट येतो. याच्या उलट, खोली मोठी किंवा गडद रंगाची असती तर तुमची तक्रार वेगळी असती आणि मी तुम्हाला सावलीच्या बाजूला, उजेड परतवायला, थर्माकोलची पांढरी शीट उभी करा म्हणालो असतो. तेव्हा पुढचं सगळं लहान, पांढऱ्या खोलीसाठी आहे असं धरून वाचा.

भिंतीवरून परतणारा उजेड वाईट असतो असं नाही. छायालेखक सुब्रत मित्र यांनी १९५६च्या ‘अपराजितो’साठी बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभं केलं, तेव्हा वर पांढरं कापड ताणून त्यावरून लाइट परतवला आणि आकाशातून झिरपणारा, सावल्या न पाडणारा उजेड मिळवला. तो प्रसंगच तसा होता. तुम्हाला सावली हवी आहे, आणि लहान खोलीत सावली आपोआप पडत नाही, ती मुद्दाम करावी लागते. सेटवर लाइट पेटवायला वेळ लागत नाही. वेळ जातो तो कटर (नको तिथला उजेड अडवणारी काळी पाटी) लावण्यात, काळं कापड टांगण्यात आणि कुठून गळतंय ते शोधण्यात.

सुरुवात अशी करा. पडदे लावा, घरातले सगळे दिवे बंद करा, कॅमेरा मॅन्युअलवर ठेवून ज्या एक्स्पोजरला शूट करणार आहात तेच लावा, आणि एकही लाइट न लावता फोटो काढा. तो पूर्ण काळा यायला हवा. काही दिसत असेल तर बाहेरचा उजेड आत येतोय, आधी तो बंद करा. मग एकच लाइट लावा. आता सावलीच्या बाजूला, गालापासून दीडएक फुटावर, फ्रेमच्या जरा बाहेर काळं कापड उभं करा. कपडे वाळत घालायचा स्टँड यासाठी उत्तम. कापड मखमलीचं असेल तर फारच छान, कारण मखमल उजेड गिळते. छत्रीचं किंवा अस्तराचं काळं कापड घेऊ नका, ते चमकतं आणि कॅमेऱ्याला करडं दिसतं. टाइल्सवर जुनी गडद सतरंजी टाका. कापड लावण्याआधीचा आणि नंतरचा फोटो शेजारी ठेवून बघा. तुम्हाला हवं होतं त्यातलं बरंचसं एवढ्यानेच मिळेल.

लाइट किती लांब ठेवायचा हेही याच हिशेबात बसतं. समजा लाइट आजोबांपासून सहा फुटांवर आहे आणि त्यांच्या मागची भिंत त्यांच्यापासून चार फुटांवर. म्हणजे भिंत लाइटपासून दहा फुटांवर आली, आणि तिच्यावर चेहऱ्याच्या साधारण एकतृतीयांश उजेड पडणार, म्हणजे भिंत स्पष्ट दिसणार. आता तोच लाइट दोन फुटांवर आणा. भिंत सहा फुटांवर आली, अंतर तिप्पट झालं, आणि उजेड अंतराच्या वर्गाने कमी होत असल्यामुळे भिंतीवर ढोबळमानाने नववा हिस्साच पोहोचतो, म्हणजे तीन स्टॉपहून जरा जास्त फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट होणं). चेहऱ्यासाठी एक्स्पोजर लावलं की भिंत अंधारात जाते. माणूस जागेवरून हलवला नाही, भिंतीला रंग दिला नाही, फक्त लाइट जवळ आणला. शिवाय जवळ आणलेला सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या मानाने मोठा होतो, त्यामुळे सावलीची कड मऊ होते. लांब ठेवला की तोच सॉफ्टबॉक्स लहान आणि कडक होतो. बरेच जण ‘नाट्यमय’ व्हावं म्हणून लाइट लांब नेतात, आणि लहान खोलीत त्यांना कडक सावली अन् उजळलेली भिंत अशी नको ती जोडी मिळते.

आता निम्म्या काळ्या चेहऱ्याकडे वळू. आजोबा कॅमेऱ्याकडे सरळ बघतायत आणि लाइट बरोबर काटकोनात बाजूला आहे, त्यामुळे नाकाच्या रेषेवर चेहरा चिरल्यासारखा दिसतो. एखाद्या पात्रात दुभंग दाखवायचा असेल तर तसं करावं, आजोबांचं काय म्हणून करायचं? लाइट हळूहळू पुढे आणि थोडा वर न्या, साधारण पंचेचाळीस अंशांपर्यंत. नाकाची सावली गालाच्या सावलीला जाऊन मिळेल आणि अंधाऱ्या गालावर, डोळ्याखाली, उजेडाचा एक लहान त्रिकोण राहील. यालाच रेम्ब्रांट लाइटिंग म्हणतात. त्रिकोण डोळ्याहून रुंद आणि नाकाहून लांब नसावा, असा ठोकताळा आहे. पण त्रिकोण मोजत बसू नका. बघायचं एकच: सावलीतल्या डोळ्यात उजेडाचा ठिपका आला का? तो आला की अंधारातला गालही जिवंत वाटतो. तो गेला की प्रेक्षकाला तिथे डोळा नसून खळगा दिसतो.

दुसरी गोष्ट याहून सोपी आणि जास्त उपयोगी: लाइट हलवण्याऐवजी आजोबांना मान लाइटच्या दिशेने थोडी वळवायला सांगा. मग चेहऱ्याची उजळ बाजू कॅमेऱ्यापासून पलीकडची होते आणि कॅमेऱ्याकडची बाजू सावलीत राहते. गालाची हाडं, कपाळावरच्या रेषा, मिशी, सगळ्याला उठाव येतो. मान उलट दिशेला वळवली तर कॅमेऱ्याकडचा मोठा गाल उजळतो, चेहरा रुंद दिसतो आणि नाट्य निघून जातं. लाइटिंगच्या नावाने मला जे फोटो दाखवले जातात, त्यातले कितीतरी नुसती मान वळवली असती तरी सुधारले असते.

सावली किती गडद ठेवायची याला सरळ उत्तर नाही. कॅमेऱ्याचं स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या लहानशा ठिपक्यापुरताच उजेड मोजणं) वापरून उजळ गाल मोजा आणि मग सावलीतला गाल. एकीकडे शटर १/१२५ आलं आणि दुसरीकडे १/३० तर दोन स्टॉपचा फरक, म्हणजे चारास एक. आजोबांसाठी मी तिथेच थांबेन. हा फोटो पुढची अनेक वर्षं घरात भिंतीवर राहणार, आत्याबाई येऊन ‘काळा आलाय गं फोटो’ म्हणणार, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नसेल. प्रिंटमध्ये सावल्या स्क्रीनपेक्षा गडद होतात, म्हणून मोठी प्रिंट काढण्याआधी पोस्टकार्डाएवढी एक काढून बघा. कंदिलाच्या प्रसंगात मात्र तीन स्टॉप, म्हणजे आठास एक, किंवा त्याहूनही पुढे जायला हरकत नाही, कारण तिथे चेहरा काही क्षण असतो आणि आई हलते.

आजोबांना चष्मा आहे असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तो खरा त्रास देईल. काचेत सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन दिसला तर लाइट आणखी वर आणि आणखी बाजूला न्या, आणि चष्म्याच्या काड्या कानावर जराशा वर उचला, म्हणजे काचा किंचित खाली झुकतात. फोटोत हे कळत नाही. एवढं करूनही चौकोन राहिला तर आजोबांची हनुवटी बोटभर खाली घ्या. चष्मा काढून फोटो काढण्याचा मोह टाळा, नाकावर वळ दिसतात आणि घरच्यांना तो माणूस परका वाटतो. टोपी किंवा फेटा असेल तर लाइट फार वर नेता येणार नाही, कपाळ आणि डोळे सावलीत जातील. तिथे टोपी किंचित मागे सरकवणं हाच मार्ग.

सावळ्या त्वचेबद्दलही एक सांगतो, कारण आपल्याकडे बहुतेक शिकवण्या गोऱ्या चेहऱ्यांवर बेतलेल्या असतात. सावळी त्वचा उजळवायला लोक एक्स्पोजर वाढवतात आणि रंग फिका करून टाकतात. त्याऐवजी उजेडाचं मोठं साधन थोडं बाजूला, थोडं मागच्या अंगाला ठेवा, म्हणजे कपाळाच्या कडेवर, गालाच्या हाडावर त्याचं प्रतिबिंब चमकतं. चेहऱ्याचा घाट त्या चमकेतून कळतो, त्वचा आपल्या रंगातच राहते. म्हणून पावडर लावून चेहरा अगदी कोरडा करू नका. घाम टिपा, चमक थोडी राहू द्या.

आता फिल्म. पोर्ट्रेटमध्ये उजेड कुठून आला हे कुणी विचारत नाही. फिल्ममध्ये प्रेक्षक नकळत विचारतो. खोलीत कंदील आहे, मग आईच्या डोक्यामागे निळी कड कशाची? चंद्राची म्हणाल तर चंद्र कुठल्या खिडकीतून येतोय हे आधी कधीतरी दिसायला हवं. म्हणून प्रत्येक लाइट लावताना त्याला गोष्टीतलं एक कारण द्या. कारण सापडलं नाही तर तो लाइट काढा.

तुमच्या प्रसंगात कारण कंदील आहे, पण चेहरा कंदिलाने उजळवायचा नाही. कंदील टेबलावर दिसू द्या आणि वात खाली करा, नाहीतर ज्योतीच्या जागी पांढरा डाग येतो. चेहऱ्यासाठी एक एलईडी कंदिलाच्याच बाजूला, फ्रेमबाहेर, कंदिलाहून जरा वर ठेवा, पुढे बटर पेपरचे एक-दोन थर आणि नारिंगी जेल (रंगीत पारदर्शक शीट) लावा. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्स, म्हणजे कुठला उजेड पांढरा धरायचा ते सेटिंग, ३२०० केल्व्हिनवर पक्का करा (केल्व्हिन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका उजेड पिवळा), ऑटोवर ठेवलात तर कॅमेरा सगळा पिवळेपणा धुऊन काढेल. खरी ज्योत साधारण १९०० केल्व्हिनची असते, म्हणून ३२००ला लावलेला एलईडी तिच्याशेजारी थंड वाटतो. जेल त्यासाठीच. आणि कृपा करून लाइटसमोर हात हलवून ‘फ्लिकर’ देऊ नका. कंदिलाची ज्योत काचेच्या आत असते, ती थरथरत नाही. थरथरते ती पणती किंवा मेणबत्ती.

लाइट खालून दिला की भुताटकी वाटते, असा एक नियम तुमच्या वाचनात आला असेल. तो अर्धाच खरा आहे. सावळाराम लक्ष्मण हळदणकरांचं ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगातलं चित्र बघा. हळदणकर सावंतवाडीचे, चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे आणि अनेक जण ते रविवर्म्यांचं समजतात. हातात दिवा धरलेली बाई, दुसऱ्या हाताचा आडोसा, बोटांच्या फटींतून झिरपणारा तांबूस उजेड. चित्रासाठी त्यांची मुलगीच उभी राहिली होती. इथे उजेड खालूनच येतो आणि चेहरा शांत, सुंदर दिसतो. का? दिवा तिच्या पुढ्यात आहे, हनुवटीच्या थेट खाली नाही. उजेडाचं कारण तिच्या हातातच दिसतंय. आणि आडोशाचा हात त्या दिव्याचा कटरही आहे आणि जेलही. भुताटकीच्या फोटोत टॉर्च हनुवटीखाली असते आणि ती कुठून आली हे दिसत नाही. तुमच्या प्रसंगात आई उठून कंदील हातात घेऊन दाराकडे जाते, असं एक दृश्य तुम्ही लिहिलंय. तिथे हळदणकरांकडून उसनं घ्या: तिला कंदिलापुढे हात धरायला सांगा आणि एलईडी एखाद्या मित्राच्या हातात देऊन तो तिच्याबरोबर चालवा.

ती चालताना पूर्ण वाटभर उजेड हवा असा हट्ट धरू नका. ती कुठे थांबते ते खडूने जमिनीवर आखा आणि त्या दोन-तीन जागांसाठीच लाइट लावा. मधल्या पावलांत ती अंधारात गेली तरी चालेल, मागे उजळ दार किंवा भिंतीचा तुकडा असला की तिची आकृती कळते. फोटोच्या मानाने फिल्मची ही मोठी सवलत आहे. मात्र शॉट बदलला की उजेडाची दिशा तीच राहायला हवी. कंदील तिच्या डावीकडे असेल तर क्लोजअपमध्येही डावा गाल उजळ. क्लोजअपला लाइट जवळ आणा, मऊ करा, पण बाजू बदलू नका.

दुसरा लाइट खिडकीबाहेर ठेवा, रस्त्यावरचा दिवा म्हणून. गजांची सावली मागच्या भिंतीवर पडली की अंधाऱ्या खोलीला खोली येते. गोष्ट नव्वदच्या दशकातली असेल तर हा उजेड नारिंगी हवा, तेव्हा रस्त्यावर सोडियमचे दिवे असत. आजची असेल तर पांढरा. पण वीज फक्त घरातली गेली आहे की सगळ्या गल्लीची, हे आधी ठरवा. सगळ्या गल्लीची असेल तर हा लाइट रद्द, मग चांदणं, तेही अगदी कमी आणि जेमतेम निळसर.

डोळे दिसलेच पाहिजेत असं मी वर म्हणालो, आणि तुम्ही लगेच ‘गॉडफादर’चं नाव घ्याल. १९७२च्या त्या फिल्ममध्ये छायालेखक गॉर्डन विलिस यांनी मार्लन ब्रँडोवर लाइट वरून टाकला आणि डोळे अंधारात ठेवले. त्यामागे एक साधं व्यावहारिक कारण ब्रँडोच्या मेकअपचं होतं, आणि त्यातून जे मिळालं ते पात्राला चपखल बसलं: हा माणूस काय विचार करतोय ते समोरच्याला कळत नाही. तुमची आई वाट बघतेय. ती काय विचार करतेय हेच तर प्रेक्षकाला कळायला हवं. तिथे डोळे झाकून कसं चालेल?

उजेडाचा झोत हवा होता असंही तुम्ही लिहिलंय, ‘कागज के फूल’सारखा. १९५९मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी तो झोत आरशांनी सूर्यप्रकाश आत वळवून मिळवला होता. सूर्य इतका लांब आहे की त्याचे किरण जवळजवळ समांतर येतात, म्हणून झोताच्या कडा सरळ राहतात. जवळच्या लाइटचा झोत पसरतो. आजोबांच्या पोर्ट्रेटसाठी हे तुम्ही घरी करू शकता: गॅलरीत कपाटाचा आरसा ठेवा आणि ऊन अंधाऱ्या खोलीत वळवा. सूर्य तासाला साधारण पंधरा अंश सरकतो, म्हणजे दहा फुटांवर पडलेला तुकडा चार मिनिटांत दोनेक इंच हलतो. आरशापाशी एक माणूस बसवावा लागेल. आणि हवेत धूर किंवा धूळ असल्याशिवाय झोत दिसत नाही, नुसता पडलेला तुकडा दिसतो. धूप जाळता येईल, पण आजोबांना दमा असेल तर झोताचा नाद सोडा. झोत थेट त्यांच्या डोळ्यांत जाऊ देऊ नका हेही आलंच.

तांत्रिक बाजू पटकन. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून घरातले दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात. २५ फ्रेम्स आणि १/५० शटर ठेवलं की पट्टे येत नाहीत. स्वस्त एलईडी अगदी मंद केल्यावर वेगळेच पट्टे देतात, म्हणून तो मंद करण्यापेक्षा पेपरचे थर वाढवा. दुसरं, अंधाराचा प्रसंग म्हणजे अंडरएक्स्पोज केलेला प्रसंग नाही. उजळ गाल नीट एक्स्पोज करा, बाकीचं आपोआप खाली जाईल. सगळंच अंधारात घेऊन एडिटिंगमध्ये वर ओढलंत तर सावल्यांत दाणे आणि भिंतीवर पट्टे येतील. तिसरं, कॉलेजच्या हॉलमधल्या प्रोजेक्टरवर काळा करडा होतो, शिवाय तिथे दारातून उजेड येत असतोच. शक्य असेल तर आदल्या दिवशी तिथे एक मिनिट चालवून बघा आणि मग रंग पक्के करा.

राहता राहिला खरेदीचा प्रश्न. तिसऱ्या लाइटसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून काळ्या मखमलीचे तीन-चार मीटर घ्या, कापडाच्या दुकानात मिळते. सुताराकडचे स्प्रिंगचे क्लॅम्प, बटर पेपरची गुंडाळी, नारिंगी जेलची शीट, थर्माकोलची एक शीट घ्या आणि तिची एक बाजू काळी रंगवून घ्या, म्हणजे एकच शीट दोन्ही कामांना येते. सॉफ्टबॉक्सला जाळीचा ग्रिड मिळत असेल तर तो नक्की घ्या, छताकडे आणि भिंतींकडे जाणारा उजेड तो बराच अडवतो. एवढं सगळं वापरूनही खिडकीबाहेरून गज पाडायला तुमचा एलईडी कमी पडला, तर आणि तरच, लेन्स लावता येणारा एक स्पॉट लाइट घ्या. तोही आधी एका दिवसाच्या भाड्याने आणून बघा.